एका ओळीत दोघं

माझं अक्षर चांगलं आहे, हे मला लहानपणापासून इतक्या वेळा सांगितलं गेलं की माझा त्यावर जरा जास्तच विश्वास बसला. शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायचे. गल्लीतल्या लग्नपत्रिकांवर पाहुण्यांची नावं मी घालायचे. पुढे बी.कॉम. झाले आणि परभणीबाहेरच्या एका जिनिंगमध्ये नोकरी मागायला गेले, तेव्हा मालकांनी माझी गुणपत्रिका बाजूला ठेवली, एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "ताई, दोन ओळी लिहून दाखवा." मी लिहिल्या. त्या दोन ओळींवर मला अठरा वर्षांची नोकरी मिळाली. त्याच अक्षरानं मी एका बाईचं वाटोळं केलं, ते मला सांगायचं आहे. मला कुणी विचारलेलं नाही. पण आता घरी बसून दोन-तीन दुकानांची जीएसटीची कामं करते, तेव्हा हात चालू असतो आणि डोकं रिकामं असतं. मग ते सगळं पुन्हा वर येतं.

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायची आणि उरलेल्या रुईच्या गाठी बांधायच्या. सरकी काढणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हायचा आणि होळीच्या मागेपुढे संपायचा. त्या चार महिन्यांत चहात रुई, डब्यात रुई, केसांत रुई. मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. ते वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून टाकते. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा त्यांनी न मागता उचल दिली आणि नंतर कधी तिचा विषय काढला नाही. हजेरीचं मस्टर, मजुरी वाटप, विम्याचे कागद, सगळं त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मीही ते मोठ्या तोऱ्यात सांभाळायचे.

विम्याचं जरा सांगावं लागेल. कामावर कामगाराला काही झालं तर भरपाई मालकानं द्यायची, असा कायदा आहे. ती एकदम अंगावर येऊ नये म्हणून मालक विमा काढतो, आणि त्या विम्याचा हप्ता ठरतो मजुरीवर. वर्षाच्या सुरुवातीला आपण कळवायचं, एवढी माणसं आणि एवढी मजुरी. वर्ष संपलं की खरी मजुरी कळवायची आणि जास्त निघाली तर फरक भरायचा. म्हणजे मस्टरवर जितकी नावं जास्त, तितका हप्ता जास्त. मस्टर माझ्या हातात होतं.

हंगामाची माणसं एक मुकादम आणायचा. तो मूळचा ऊसतोडीचा मुकादम. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल कोयत्याची, हिशोब कोयत्याचा, नाव नवऱ्याचं. आमच्याकडे ना ऊस ना कोयता, तरी तो फाटकातून आत येता येता सांगायचा, "ताई, चौदा कोयते आणलेत, लिहून घ्या."

पहिल्या वर्षी मला हसू आलं. म्हटलं, "अहो, इथं तोडायचं काय?"

"कोयता म्हंजे जोडी वो. नाव गड्याचं घाला, बाई त्याच्यातच आली."

मी तेव्हा त्याचं ऐकलं नाही. बरीच वर्षं मी नवऱ्याची एक ओळ आणि बायकोची एक ओळ, अशा दोन ओळी लिहायचे. मुकादम बघायचा आणि म्हणायचा, ताईंना शाई लय झालीय.

मग एका वर्षी शेठनी रेचे वाढवले. माणसं वाढली, मजुरी वाढली, आणि वर्षअखेरीला विमा कंपनीचं फरकाचं पत्र आलं. शेठना ते झोंबलं. पत्र माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांत एकाचं नख तरी मोडलंय का इथं? हे पैसे म्हंजे निव्वळ पाण्यात."

आणि मी म्हणाले, "शेठ, मुकादम म्हणतो तसंच लिहू या की. कोयत्याला एक ओळ."

ही कल्पना माझी. शेठची नाही, विम्याच्या एजंटची नाही, मुकादमाचीसुद्धा नाही, कारण त्याला विम्यातलं काही कळत नव्हतं. नवऱ्याच्या ओळीत एका माणसाची मजुरी दाखवायची आणि बायकोच्या वाट्याची 'माल उचल-टाक खर्च' या नावाखाली टाकायची. शनिवारी खिडकीवर दोघांची मजुरी एकत्र द्यायची, म्हणजे त्यांना एक पैसा कमी मिळणार नाही. कुणाचं काही जात नव्हतं. शेठ हसले आणि म्हणाले, तुमी वकील व्हायला पायजे होतं. मी आठवडाभर त्या वाक्यावर खूश होते.

त्या वर्षीच्या जोड्यांत एक जोडी पाथरीकडच्या एका खेड्यातली होती. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. मेंढरं विकली होती आणि दोन एकरांत भागत नव्हतं, म्हणून हंगामाला यायचे. नवरा अबोल, मान खाली घालून गाठी ओढणारा. बाई मात्र चटपटीत. तिशीची असेल. रेच्याला कापूस घालण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. रेचा मधेच अडला की ती जिभेनं मेंढरं हाकल्यासारखा टक् टक् आवाज काढायची आणि बाकीच्या बायका हसायच्या. मशीनसुद्धा ऐकतंय बघा हिचं, म्हणायच्या.

एका शनिवारी नवरा गावाकडं गेला होता, भाऊबंदात कुणाचं तरी दहावं होतं. मजुरी घ्यायला ती एकटीच खिडकीवर आली. मी मस्टर फिरवून शाईचा पॅड पुढे केला, तर म्हणाली, "ताई, मी सही करते. बचत गटात शिकलेय."

तिनं हातसुद्धा पुढे केला होता पेनासाठी. चेहरा असा, की मी बघावं आणि रांगेत मागं उभ्या असलेल्यांनीही बघावं. मी मस्टरकडं बघितलं. ओळ नवऱ्याच्या नावाची. त्याच्या नावापुढं बायकोची सही आली, तर तपासणीला आलेला माणूस पहिला प्रश्न तोच विचारणार. नवरा अंगठेबहाद्दर, त्याच्या ओळीत आतापर्यंत सगळे अंगठेच होते.

मी म्हणाले, "अगं, सही नको. ओळ त्याची आहे. अंगठा लाव, अंगठे सगळ्यांचे सारखेच दिसतात."

तिनं हात मागे घेतला. मग उजवा अंगठा पॅडवर दाबला, ओळीत उठवला आणि शाई केसांना पुसली. त्या हंगामात नवरा आणखी दोन-तीनदा गैरहजर होता, एकदा तापानं आणि नंतर शेतातल्या कामाला. तिनं परत कधी सही करते म्हटलं नाही. अंगठाच लावत गेली.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला विमा कंपनीचा अधिकारी आला, पन्नाशीचा, बारीक नजरेचा माणूस. आमची मजुरी एका वर्षात अचानक उतरली कशी, हे बघायला आला होता. तो फाटकाशी आहे असं कळताच मी रेच्यांकडं गेले आणि बायकांना म्हणाले, साहेब आलेत, तुम्ही जरा मागं सरकीच्या शेडमागं बसा. त्या हसत हसत गेल्या. तो अधिकारी रेचे मोजत हिंडला. "इतक्या रेच्यांना एवढी माणसं पुरतात?" असं त्यानं दोनदा विचारलं. शेठनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर मी बायकांना बोलवायला गेले, तर त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. पाथरीकडची ती बाई पदर झटकत उठली आणि म्हणाली, "लय बरं झालं ताई, पाठ टेकली जरा. साहेबाला रोज येऊ द्या."

महिनाभरानं कंपनीचं पत्र आलं. प्रत्यक्ष कामगार मस्टरपेक्षा जास्त दिसतात, सबब जादा हप्ता भरावा. शेठ वैतागले. मी म्हटलं, थांबा, मी उत्तर देते. दोन दिवस घालवले मी त्या पत्रावर. टाइप न करता मुद्दाम हातानं लिहिलं, कारण शेठ म्हणायचे की तुमच्या अक्षराचा रुबाब पडतो. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे: 'आमच्या कारखान्यात यंत्रावर एकही स्त्री कामगार नेमलेली नाही; आवारात क्वचित दिसणाऱ्या स्त्रिया या पुरुष कामगारांच्या कुटुंबातील असून डबा देण्यासाठी येतात.' शेठनी खाली सही केली.

कंपनीनं मागणी मागं घेतली. शेठनी पेढे आणले. मी सगळ्यांना वाटले, आणि रेच्यावरच्या बायकांनाही एकेक दिला. कशाचे पेढे, असं कुणी विचारलं नाही.

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते. दुपारचे तीन वाजले असतील. मी टेबलाशी होते आणि एकदम रेच्यांचा आवाज थांबला. वीज गेली की आवाज हळूहळू उतरतो. हा तुटल्यासारखा थांबला. मी बाहेर आले तोवर सगळे एका रेच्याभोवती होते. अडकलेला कापूस काढायला तिनं हात घातला होता आणि पट्ट्यानं तो ओढून नेला होता. आणखी मी सांगणार नाही. नवऱ्यानं तिला मांडीवर घेतलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ताई, रुई खराब झाली."

दवाखान्यात त्यांनी उजवा हात कोपरापासून काढला.

शेठनी दवाखान्याचा सगळा खर्च केला, स्वतः दोनदा जाऊन आले. परत आल्यावर जिनिंगच्या आवारात बराच वेळ गाडीतच बसून राहिले. मला म्हणाले, "ताई, विम्याचा कागद करा. तिला मिळंल ते पुरेपूर मिळालं पायजे." मी तो दावा लिहिला. त्याचं उत्तर काय येणार ते त्या सबंध जिनिंगमध्ये एकट्या मला माहीत होतं; शेठ त्या पत्रावरची आपली सही केव्हाच विसरले होते.

उत्तर तसंच आलं. सदर स्त्रीचं नाव मस्टरवर नाही. तिच्या मजुरीवर हप्ता घेतलेला नाही. आणि आपल्याच पत्रानुसार यंत्रावर एकही स्त्री कामगार नेमलेली नव्हती. सोबत माझ्या पत्राची झेरॉक्स जोडली होती. झेरॉक्समध्येही अक्षर सुंदर दिसत होतं.

नवरा चौकशीला आला तेव्हा त्याला हे मीच सांगितलं. खुर्ची दिली, पण तो खाली बसला. मस्टर उघडून मी ओळ दाखवली, हे तुमचं नाव, तिचं वेगळं नाही, म्हणून कंपनी नाही म्हणतेय. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो त्या ओळीकडं बघत राहिला.

"म्हंजे माझा हात गेला असता तर पैसे भेटले असते?"

मी हो म्हणाले. खरं तेच होतं.

"मंग माझाच जायला पायजे व्हता," तो म्हणाला. "नाव माझं व्हतं ना."

तो उठून गेला. मी मस्टर मिटलं.

पुढे त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून वकील गाठला आणि भरपाईचा दावा लावला, शेठवर आणि विमा कंपनीवर. शेठनी विम्याचा आपला कागद गैरसमजानं गेला म्हणून मागं घेतला होता. आता प्रश्न एवढाच होता, की ही बाई जिनिंगमध्ये कामाला होती की नव्हती. होती म्हटलं, तर माझं पत्र खोटं ठरणार, विमा कंपनी हात वर करणार आणि भरपाई सगळी शेठच्या अंगावर येणार. नव्हती म्हटलं, तर कुणालाच काही द्यावं लागणार नव्हतं. मुकादम तोवर कर्नाटकात निघून गेला होता. बाकीच्या जोड्यांना पुढच्या हंगामाचं काम हवं होतं. उरले मी. शेठ माझ्या टेबलापाशी आले, माझ्याकडं न बघता काचेखालचं कॅलेंडर बघत म्हणाले, "ताई, तुमी जे लिहिलंय तेच सांगायचंय. नवीन काहीच सांगायचं न्हाई."

मी धीट बाई नाही. पहिल्या दोन तारखांना मी आजारी पडले. तिसरीला कोर्टात गेले, पण साक्ष झाली नाही, न्यायाधीश साहेब रजेवर होते. बाहेर लिंबाखाली ती दोघं बसली होती. मी तोंड चुकवून जाणार, तेवढ्यात तिनंच हाक मारली. "ताई, जेवलात का? बसा की." मांडीवर फडकं पसरलं होतं, डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडायला बघत होती आणि भाकरी निसटत होती. नवऱ्यानं भाकरी धरली, मग तिनं मोडली. अर्धी माझ्यापुढं केली. "गड्यानं केलीय. जाड झालीय जरा, पण भाजलीय चांगली. मी नुसती सांगते बसून, पाणी किती, पीठ किती."

नवरा लाजला. मी ती भाकरी खाल्ली. जाडच होती. तरी सगळी खाल्ली. घरी आल्यावर मला इतकं रडू आलं की शेजारीण विचारायला आली. तिला सांगितलं, पित्त झालंय.

पुढच्या तारखेला मी साक्ष दिली. सगळं सांगितलं, कोयत्याची एक ओळ, उचल-टाक खर्च, शेडमागं बसवलेल्या बायका. विमा कंपनीच्या वकिलांनी माझं पत्र माझ्यासमोर धरलं. शांत गृहस्थ होते, आवाज चढवला नाही.

"बाई, हे अक्षर तुमचं?"

"हो."

"यात लिहिलंय, स्त्री कामगार नाहीत. आज म्हणता, होत्या. खोटं कधी सांगितलंत, हे लिहिलंत तेव्हा की आज?"

"तेव्हा."

"म्हणजे पैसे वाचवायला तुम्ही खोटं लिहिता," ते म्हणाले आणि खाली बसले.

शेठ दोन रांगा मागं बसले होते. तेव्हा मला मस्टरमधले अंगठे आठवले. मी साहेबांना म्हणाले, नवरा ज्या आठवड्यांना गैरहजर होता, त्या आठवड्यांचे अंगठे हिचे आहेत. उजव्या अंगठ्याचे. मी स्वतः घेतलेत. तपासून घ्या. ती मजुरी घेत होती हे त्यावरून तरी दिसेल.

साहेबांनी मस्टर मागवलं, पानं उलटली, चष्मा वर करून बघितलं. प्रथमच काहीतरी हाताला लागल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. म्हणाले, तज्ज्ञाकडं पाठवू. जुळवून बघायला बाईंच्या उजव्या अंगठ्याचा नमुना घ्या.

मग त्यांनी तिच्याकडं बघितलं. ती पदराखाली तो हात झाकून उभी होती. साहेब हळू आवाजात म्हणाले, "जुना कुठला ठसा असेल तर पुढच्या तारखेला आणा."

दुसऱ्या दिवशी मी जिनिंगला गेले, तर माझ्या टेबलावर दुसऱ्या कुणाचा तरी डबा ठेवलेला होता. राहिलेला पगार आणि वर काही, असं पाकीट शेठनी वॉचमनच्या हाती दिलं. मी पगाराचं घेतलं, वरचं परत पाठवलं. त्यात फार मोठेपणा नव्हता, मला ते घेऊन झोप लागली नसती.

मग मी एसटीनं पाथरीला आणि तिथून जीपनं तिच्या गावाला गेले. तिचा उजवा अंगठा शोधायला. नवरा आणि मी बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या घरी गेलो. त्यांनी ट्रंकेतून रजिस्टर काढलं. पहिल्या पानापासून तिची सही. वाकडी, मोठी, रेघेबाहेर गेलेली, पण सही. मी म्हटलं, सुरुवातीला एखादा तरी अंगठा असेल. अध्यक्षीणबाई अभिमानानं म्हणाल्या, "न्हाई वो ताई. आमच्या गटाचा नियमच हाय, नाव लिहायला आलं की मंगच गटात घ्यायचं. ही तर आठ दिवसांत शिकली." बँकेत गेलो, तिथं सही. रेशनला मशीनवर बोट, कागदावर काही नाही. जमीन सासऱ्याच्या नावावर, तिथं तिचा संबंधच नव्हता. आधारचा ठसा मागावा तर वकील म्हणाले, त्याला हायकोर्टात जावं लागेल, आणि देतील याचा भरवसा नाही, तोवर तुमची दोन वर्षं जातील.

जिथं जिथं तिला विचारलं होतं, तिथं तिथं तिनं सही केली होती. कागदावर अंगठा फक्त आमच्या मस्टरवर होता, माझ्या खिडकीवर, मी सांगितला म्हणून. त्या दिवशी मी तिच्या हातात पेन दिलं असतं तर त्या ओळीत तिचं नाव आलं असतं, तिच्या हातानं, आणि कुठल्याही तज्ज्ञाची गरज पडली नसती. मला त्या एका पेनासाठी अजून स्वतःची घृणा येते.

परतीच्या जीपची वाट बघत आम्ही गावाबाहेर उभे होतो, तीही मला पोचवायला आली होती. शेजारच्या माळावर कुणाची तरी मेंढरं चरत होती. एक कोकरू रस्त्यावर आलं तशी तिनं जिभेनं टक् टक् केलं आणि ते मागं वळलं. ती माझ्याकडं बघून हसली. मला हसता आलं नाही.

दावा दीड-दोन वर्षं चालला. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. विमा कंपनीनं काही दिलं नाही. शेठनी दिलं, पण काम केल्याचं मान्य न करता, माणुसकी म्हणून, असं कागदावर लिहिलं होतं. घरावर नवे पत्रे पडतील आणि चार मेंढरं येतील, एवढी ती रक्कम होती. त्यांच्या वकिलांनी सांगितलं, घ्या, पुरावा नाही, पुढं हेही मिळणार नाही. त्यांनी घेतलं. मला बोलावण्याचं काही कारण नव्हतं, मी आपली गेले.

टेबलाशी कारकून होता, पुढे कागदांची चळत. त्यानं मान वर न करता विचारलं, "सही येते का?"

"येत व्हती," ती म्हणाली.

त्यानं पॅड पुढं सरकवला आणि दिवसभर सगळ्यांना सांगत असेल त्याच सुरात म्हणाला, "बायकांचा उजवा."

नवरा दाराकडं बघत होता. मग कारकुनानं वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो पॅड इकडून तिकडं सरकवू लागला, डावा चालेल का हे कुणाला तरी विचारतो म्हणाला.

"चालतंय साहेब," ती म्हणाली. "अंगठे सगळ्यांचे सारखेच दिसतेत."

ती माझ्याकडं बघून म्हणाली नाही. ते वाक्य कुणाचं, हे तिला आठवत होतं की नव्हतं, मला माहीत नाही, आणि विचारायची माझी अजून छाती झालेली नाही. तिनं डावा अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवायला गेली, तर कागद सरकला. एका हाताच्या माणसाला कागद धरता येत नाही.

"ताई," ती म्हणाली, "जरा धरा की."

मी पुढं झाले आणि कागद दोन्ही हातांनी धरला.